बू सुकेसीचं उदमांजर

पाराकानच्या बाजारातून सुंबिंग डोंगराकडे चढणारा रस्ता जिथे पहिल्यांदा दम खातो, तिथे बू सुकेसीचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची भिंत अर्धी पाडून टाकलेली एक फळी. फळीवर कोळंबीच्या पापडांच्या बरण्या, वर शांपूच्या पुड्यांच्या माळा, बाजूला एक लाकडी बाक, आणि या सगळ्याच्या मागे फोनवर अंगठा फिरवत बसलेली स्वतः बू सुकेसी. नवरा समुद्रापलीकडे कालिमांतानला पामच्या मळ्यावर. तो ईदला येतो, छपराची कौलं सारखी करतो आणि परत जातो, त्यामुळे तिच्या घराला गळती अशी कधी लागली नाही. मुलगा एकच, जालू. गावात तिला सुकेसी म्हणणारे फार थोडे. मशिदीच्या कर्ण्यावरूनसुद्धा तिला ‘जालूची आई’ म्हणूनच पुकारतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. जिचं स्वतःचं नाव कुणी वापरत नव्हतं तिने मुलाचं नाव वापरलं, आणि त्यापायी बाकावरच्या एका पोरीची जागा गेली.

मी त्याच गावचा. गावच्याच शाळेत शिकलो, मागेलांगला पदवी घेतली, तिथे कुणी ठेवून घेईना म्हणून त्याच शाळेत शिकवायला आलो. वय पंचविशीचं, तरी म्हातारी माणसंसुद्धा ‘पाक गुरू’, म्हणजे गुरुजी, म्हणतात; बाईला मानाने ‘बू’ तसं पुरुषाला ‘पाक’. मास्तर झाल्याचा तेवढा एक फायदा. माझ्या गळ्यात पडलेला विषय नवा होता, संगणकीय विचार. शाळेत संगणकाची खोली आहे, पण तिची किल्ली हेडमास्तर पाक सुमार्सोनो यांच्या खिशात, आणि मुलांनी हात लावला तर संगणक बिघडतील ही त्यांची जुनी भीती. म्हणून आम्ही एका संस्थेचा ऑनलाइन कोर्स घेतला. मुलांनी दुपारी घरी आईबापांच्या फोनवर धडे करायचे, मी ते तपासायचे, कुठे अडलं तर तिथेच लिहून सांगायचं, आणि उरलेलं वर्गात फळ्यावर.

पालकांना बोलावून मी हे सगळं समजावलं. मोठ्या कामाचे लहान तुकडे करायचे, सारखं काय आहे ते ओळखायचं, नको ते सोडून द्यायचं, आणि मग पायरीपायरीने असं सांगायचं की सांगितलेलं करणाऱ्याला स्वतःचं डोकं चालवावं लागू नये. मागच्या रांगेतून एका बापाने विचारलं, यात संगणक कुठे आला? म्हटलं, तो पुढे येतो. तो म्हणाला, मग तोवर पोराला तंबाखू उलटवायला नेतो, आला की सांगा.

कोर्समध्ये एक उदमांजर होतं. त्याला कॉफीच्या पिकल्या फळापर्यंत न्यायचं. पुढे जा, वळ, हे परत कर, कुंपण आलं तर असं कर, नाही तर तसं कर. सांगाल ते सगळं ते निमूट करायचं, चुकीचं सांगाल तर निमूट कुंपणावर आपटायचं. आणि एखाद्या दिवशी धडा चुकला की ते उपाशीच झोपायचं, झोपण्याआधी डोळ्यांत पाणी आणून पडद्यातून बघायचं. हे पाणी कोर्सवाल्यांनी मुलांसाठी घातलं होतं. मुलांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. बू सुकेसीवर झाला.

दिवस वाऱ्याचे होते. आमच्याकडे वारा सुटला की सातवीतली मुलं जमिनीवर सापडत नाहीत. जालू शाळेतून आला की दप्तर पापडांच्या बरणीवर टाकून पतंग घेऊन छपरावर, बापाने नीट केलेल्या कौलांवर. धडा दुकानाच्या फोनवर, फोन आईच्या हातात, आणि त्यात ते रडकं जनावर. पहिल्या दिवशी तिने नुसतं त्याला जेवू घालावं म्हणून दोन बटणं दाबली. ते कुंपणावर आपटलं. तिने त्याला शिव्या दिल्या. परत आपटलं. मग तिच्या लक्षात आलं, की ते आंधळं नाही, आपणच त्याला तिकडे पाठवतोय. हे लक्षात आल्यावर ती जी बसली ती उठेचना. गिऱ्हाईक फळीवर बोटं वाजवत उभं, आणि ही म्हणते, थांबा जरा, ते वळणावर आहे. कुणी तरी विचारलं, जालूच्या आई, फोनमध्ये एवढं काय आहे? म्हणाली, या घरात सांगितलेलं ऐकणारा हा एकटाच आहे.

जालूची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. वर्गात मी प्रश्न विचारला की तो खिडकीबाहेर पानं कुठल्या बाजूला हलतायत ते बघायचा. ऑनलाइन सगळ्यात पुढे असलेला मुलगा खिडकीबाहेर बघतो म्हणजे नक्कीच खोल विचार करत असणार, असं मला वाटायचं. मी इतर मुलांना सांगायचोसुद्धा, जालूसारखं आधी गप्प बसा, मग उत्तर द्या.

आता बाकावरची पोर. वेनिंग, जालूच्याच वर्गातली. तिचे आईबाप हंगामात दिवसभर तंबाखूच्या अंगणात असतात, घरी वायफाय नाही. काच तडकलेला बापाचा फोन घेऊन ती दुपारी बू सुकेसीच्या बाकावर येऊन बसायची, कारण दुकानाचं वायफाय तिथवर नीट पोचायचं. बू सुकेसीनेच तिला पासवर्ड सांगितला होता, बसत जा म्हणाली होती. दोघी अशा समोरासमोर. फळीच्या आत बाई, बाहेर पोर, दोघींच्या हातात तेच उदमांजर. एकीचं तिच्या स्वतःच्या नावाचं, दुसरीचं मुलाच्या.

एका धड्यात नागमोडी वाट होती. कुठे किती पावलं चालायची तेच कळेना. बू सुकेसी मोजून मोजून दमली, शेवटी फळीवरून वाकून म्हणाली, आमचा जालू इथे अडलाय गं, तू कसं केलंस? वेनिंगने आधी वर छपराकडे पाहिलं. जालू तिथे उभा राहून शेजारच्या पतंगाला ओरडत होता. मग तिने फोनकडे पाहिलं आणि नीट समजावून सांगितलं, की पावलं मोजायचीच नाहीत, ‘समोर कुंपण येईपर्यंत चाल’ एवढंच सांगायचं. बू सुकेसीला ते इतकं आवडलं की तिने पुढचे सगळे धडे त्याच युक्तीने झपाट्याने उरकले. महिना संपला तेव्हा यादीत जालू पहिला होता, आणि अगदी केसभर मागे वेनिंग दुसरी.

सेमारांगला प्रांताची स्पर्धा होती. प्रत्येक शाळेतून एकच विद्यार्थी, यादीत पहिला असेल तो.

ही बातमी द्यायला हेडमास्तर स्वतः बाटिकचा चांगला शर्ट घालून दुकानावर गेले. मीही मागे होतो. पाक सुमार्सोनो थोरामोठ्यांशी बोलायची जी जड भाषा आहे ती फार सुंदर बोलतात. वाक्य कुठे संपतं ते ऐकणाऱ्याला कळत नाही, त्यांना कळतं की नाही याची मला शंका आहे. अशा बोलण्याला आमच्याकडे एकच उत्तर असतं, इंग्गिह. अर्थ ‘होय’, पण त्यातलं होयपण फार थोडं. तुम्ही मोठे आहात, मी ऐकतेय, चहा थंड होतोय, एवढं सगळं त्यात येतं. ‘नाही’ म्हणायची वेळ वाक्य संपल्यावर येते, आणि त्यांचं वाक्य संपत नव्हतं. बू सुकेसी प्रत्येक श्वासाला इंग्गिह म्हणत गेली. ते उठले तेव्हा जालू सेमारांगला जाणार, त्याची तयारी शाळा करून घेणार, आणि त्याआधी घरी स्लामेतान, म्हणजे दुवेचं जेवण, घालून गावाची दुवा घेणार, हे सगळं तिने कबूल करून टाकलं होतं. बाकावर वेनिंग बसली होती. हेडमास्तरांनी जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, दुसरं येणं हेही काही कमी नाही. तिनेही इंग्गिह म्हटलं.

त्या दिवसापासून बू सुकेसीचं दुकान बिघडलं. साखर मागितली तर ती तांदूळ द्यायची, आणि जास्तच द्यायची. वेनिंगसमोर रोज काहीतरी ठेवायची, कधी सोयाबीनचं तळलेलं तेंपे, कधी केळ्याची भजी. पोर एक तुकडा मोडायची, उरलेलं पानाने झाकून तिथेच ठेवून जायची.

मग ती माझ्या घरी यायला लागली. पहिल्यांदा गेतुक घेऊन, कसावा कुटून गूळ घातलेला, अजून गरम. खुर्चीच्या कडेला बसली आणि म्हणाली, जालू अजून लहान आहे. मी म्हटलं, मुलं लहानच बरी. मग उकडलेल्या शेंगा आल्या, त्यांच्याबरोबर ‘सेमारांग फार लांब आहे’ हे वाक्य आलं. मी बसचं वेळापत्रक सांगितलं. तिसऱ्या खेपेला चक्क जिवंत कोंबडी आली, पाय बांधलेली. बू सुकेसीने तिच्याकडेच बघत विचारलं, वेनिंग फार हुशार आहे ना हो? मला वाटलं, बाईचा धीर खचलाय. मी तिला आत्मविश्वास या विषयावर बरंच काही ऐकवलं. ती इंग्गिह, इंग्गिह करत उठली. ती गेल्यावर माझी आई कोंबडीचे पाय सोडवत म्हणाली, हिला लग्नाची मुलगी आहे का रे? मी म्हटलं, एकच मुलगा आहे. आई म्हणाली, मग तू काहीतरी समजायला हवं होतंस, आणि समजला नाहीस.

कोर्सच्या शेवटी एक मोकळा धडा होता, उदमांजराची तुमची स्वतःची गोष्ट बनवा. जालूच्या नावाने आलेली गोष्ट अशी होती: उदमांजर शेजारच्या बागेत शिरतं, पिकलेली फळं खातं, घरी येतं. दुसऱ्या दिवशी ते शेजाऱ्याच्या दारापर्यंत जातं, दार न वाजवता परत येतं. तिसऱ्या दिवशी तसंच, चौथ्या दिवशी तसंच. ते बघत मी चहा संपवला, तरी ते जातच होतं आणि येतच होतं. मी खाली शेरा लिहिला, थांबण्याची अट घालायला विसरलास, बाकी छान.

जालूच्या तयारीसाठी हेडमास्तरांनी संगणकाची खोली उघडली, खुर्चीवरचं कापड स्वतः काढलं. जालू बसला. उदमांजर कुंपणावर आपटलं, दुसऱ्यांदा आपटलं, मग वळून विरुद्ध बाजूच्या कुंपणावर आपटलं. जालू म्हणाला, पाक गुरू, हे घरच्यासारखं नाहीये. मी म्हटलं, फोनची सवय आहे, कळफलकावर हात बसेल. असे आम्ही शाळा सुटल्यावर रोज बसलो, आणि हात काही बसला नाही. एकदा तो वैतागून म्हणाला, हे आईला विचारतो, आणि लगेच ओठ चावला. मला वाटलं, घरी जायची परवानगी मागतोय.

स्लामेतानचा दिवस आला. पुरुषांनी दुपारची नमाज आटोपून चटईवर येऊन बसायचं, गावच्या मशिदीतल्या मोदिनने ही दुवा कुणासाठी आणि कशासाठी ते मोठ्याने सांगायचं, बसलेल्यांनी साक्षीला इंग्गिह म्हणायचं, मग ज्याने त्याने भात-कोंबडीचा डबा घरी न्यायचा. डबे भरणं हे बायकांचं काम, त्यासाठी आळीतल्या सगळ्याजणी सकाळपासून मागच्या चुलीशी येतात. बोलवावं लागत नाही. न येणं हे मात्र लक्षात राहतं. वेनिंगची आई बू पायेमही आली होती, तंबाखूचं अंगण नवऱ्यावर टाकून. तिच्यापुढे नारळ होते आणि खवणी होती. खवता खवता ती जे म्हणाली ते बू सुकेसीने मला नंतर शब्दन्‌शब्द सांगितलं.

“वेनिंग म्हणत होती, जालूच जायला हवा. आणि खरं सांगू का सुकेसी, तुझ्या बाकामुळे माझी पोर दुसरी तरी आली. नाहीतर आमच्याकडे कुठलं काय.”

बू सुकेसीच्या हातात भाताचा डाव होता. तो तिने भातातच उभा सोडला, मागच्या दाराने मोदिन पाक रोहमादी यांच्या घरी गेली, आणि ते पायावर पाणी घेत होते तिथेच त्यांना गाठून एक विनंती केली. दुवेत मुलाचं नाव घेऊ नका, सेमारांगला जाणारं लेकरू एवढंच म्हणा. म्हातारबुवांना वाटलं, दृष्ट लागायच्या भीतीने म्हणत असेल. आमच्याकडे असल्या गोष्टींना कारण विचारत नाहीत.

मी चटईवर हेडमास्तरांच्या शेजारी बसलो होतो. पाक रोहमादी बोलायला लागले. या घरच्या बाईने मनात धरलंय, की आपल्या गावचं जे लेकरू सेमारांगला जाणार आहे, त्याची वाट सरळ असो. सगळे म्हणाले, इंग्गिह. ते लेकरू जे शिकलं ते स्वतःच्या कष्टाने शिकलं, ते त्याच्या कामी येवो. इंग्गिह. हेडमास्तरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. नावाची जागा येऊन गेली होती आणि नाव आलं नव्हतं. समोरच्या कोपऱ्यात नवा शर्ट घालून बसलेल्या जालूच्या चेहऱ्यावर, शर्टचं वरचं बटण कुणीतरी सोडल्यासारखं काहीतरी झालं.

नाव घ्यायच्या जागी नाव घ्यायचं नाही, त्याऐवजी एक रिकामी जागा ठेवायची, म्हणजे नंतर त्यात काहीही भरता येतं आणि बाकीचं वाक्य तसंच खरं राहतं. हा कोर्समधला चौदावा धडा होता. तो मीच शिकवला होता. गेतुक, शेंगा, कोंबडी, बागेतून ये-जा करणारं ते जनावर, सगळं माझ्या डोक्यात एकदम बसलं, आणि मी डबा न घेताच उठून मागच्या अंगणात गेलो.

चुलीशी बू पायेम खवत होती, वेनिंग डबे एकावर एक रचत होती, बू सुकेसी विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. मला बघून तिने पदरासारखा ओढलेला रुमाल डोक्यावर नीट केला.

“पाक गुरू, नाव रिकामं ठेवलंय,” ती म्हणाली. “ज्याचं आहे त्याचं तुम्ही भरा.”

मग तिने सांगितलं. या वेळी जालू लहान आहे, सेमारांग लांब आहे, असलं काही नव्हतं. पहिल्या दिवशी दाबलेल्या बटणांपासून नागमोडी वाटेपर्यंत सगळं ओळीने, एकही पायरी न गाळता सांगितलं, आणि ते मला सांगत असली तरी तोंड बू पायेमकडे होतं. म्हणाली, मी चोरी करतेय असं मला वाटलंच नाही, मला वाटलं मी शिकतेय. म्हणाली, ते जेव्हा पहिल्यांदा फळापर्यंत पोचलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या, दुकानात कुणी नव्हतं.

मी वेनिंगला विचारलं, तुला माहीत होतं का? ती डबे रचतच राहिली.

“जालू तेव्हा छपरावर होता,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस पोरी?” बू सुकेसीने विचारलं.

“बाक तुमचं होतं ना, बू.”

हे ती रागाने बोलली नाही, म्हणूनच ते ऐकवेना. पोरीने सगळा हिशेब लावून ठेवला होता: बसायला जागा मिळते, वायफाय मिळतं, तर त्याचं काहीतरी द्यावं लागत असणार, आणि ते हे असणार. बू सुकेसी विहिरीच्या कठड्यावर बसली. बू पायेमने अजून थोडा वेळ खवणीवर हात फिरवला, करवंटी केव्हाच रिकामी झाली होती. मग ती उठली, हात धुतले, नारळ झाला म्हणाली, आणि मागच्या दाराने मुलीला घेऊन निघून गेली. तिच्या वाटचे दोन डबे चुलीजवळ तसेच राहिले. दुवेचा डबा मागे ठेवून जाणारं माणूस मी आमच्या आळीत त्याआधी पाहिलं नव्हतं.

हेडमास्तरांना मी सांगितलं तेव्हा ते जड भाषा विसरले. नाव कळवून झालंय म्हणाले, शाळेची अब्रू म्हणाले, मग म्हणाले, असं करू, जालूला ताप आला असं सांगू. आमच्याकडे असले ताप नेहमी येतात आणि सगळ्यांची सोय बघून उतरतात. पण बू सुकेसीने तो ताप घेतला नाही. दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाला, साखर बांधता बांधता, तिने स्वतः सांगितलं. लोकांना ते नको होतं. लोक विषय बदलायचे, साखर राहू दे म्हणायचे. एक म्हातारी म्हणाली, अगं आईने मुलाचं काम केलं, त्यात काय एवढं? बू सुकेसी म्हणाली, मुलाचं नाही केलं, माझं केलं. पाक रोहमादींनी निर्वाळा दिला की दुवेला काही बाधा नाही, ती जाणाऱ्याला लागते, आणि खाल्लेला भात कुणी परत करायची गरज नाही.

सेमारांगला वेनिंग गेली. मीच घेऊन गेलो. ती तिथे कुठेतरी मधे आली. पहिल्यांत नाही, शेवटच्यांतही नाही. मोठ्या पडद्यावर तिने त्याआधी कधी काम केलं नव्हतं. संगणकाच्या खोलीतले तयारीचे सगळे दिवस जालूने कुंपणावर आपटण्यात घालवले होते. ही गोष्ट मी परत आल्यावर बू सुकेसीला सांगणार नव्हतो. तिनेच विचारलं, तिला सराव मिळाला असता तर? मी खोटं बोलायला तोंड उघडलं, तिने हात वर करून थांबवलं.

वेनिंग त्यानंतर बाकावर आली नाही. ती गावच्या कचेरीच्या भिंतीला टेकून बसते, तिथेही वायफाय पोचतं, ऊन मात्र फार लागतं. बू सुकेसी रोज सकाळी बाक पुसते. कुणी त्यावर पोतं ठेवलं तर उचलायला लावते. कुणी बसलं तर बसू देते, पण सारखी बघत राहते.

जालूला पोरं चिडवतात, तुझ्या आईचा गृहपाठ झाला का रे? तो चिडत नाही. सुटलाय तो. एकदा पतंगाचा मांजा गुंडाळत माझ्याकडे आला आणि म्हणाला, आईला तिचं स्वतःचं उदमांजर देता येईल का? माझ्यावालं ती उघडत नाही, ते रोज उपाशी झोपतं, आणि ती संध्याकाळी विचारते, झोपलं का? मी तिच्या नावाने खातं उघडायला बसलो, तर कोर्स जन्मसाल घेईना, इतकी मोठी मुलगी त्याला माहीत नव्हती. मी म्हटलं, वय थोडं कमी करतो आणि सातवीत घालतो. ती म्हणाली, परत खोटं नको. शेवटी मी संस्थेला लिहून विनवण्या केल्या, तेव्हा ‘पालक’ असा एक रकाना काढून त्यांनी तिला आत घेतलं. खात्यावर सुकेसी असं नाव आलं. ते तिने फोन लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.

तिने पहिल्यापासून सुरुवात केली आणि भराभर गेली. मग नागमोडी वाट आली आणि ती थांबली. उत्तर तिला येत होतं, झोपेतसुद्धा आलं असतं. तरी उदमांजर तिथेच उभं. मी म्हटलं, कुंपण येईपर्यंत चाल म्हणा की, आणि ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मीच ते कुणाच्या तरी बागेतून तोडून आणलंय.

परवा ती दुकान बंद करून माझ्याकडे आली. जरा बरोबर चला म्हणाली, बोलू मात्र नका. आम्ही बू पायेमच्या अंगणापाशी गेलो. मला तिने फाटकाशी उभं केलं. मी बघितलं, तिच्या हातात फोनखेरीज काही नव्हतं. ना गेतुक, ना शेंगा, केळ्याचं पानसुद्धा नाही. आमच्याकडे कुणाच्या घरी असं रिकाम्या हाताने गेलेलं चालत नाही. भांडायला जाणाराही काहीतरी बांधून नेतो. तिला ते माहीत होतं. अन्न नेऊन काय होतं, ते तिने माझ्या घरी करून बघितलं होतं.

अंगणभर बांबूच्या जाळ्यांवर कापलेला तंबाखू पसरला होता. बू पायेम एका टोकाने जाळ्या उलटवत होती, वेनिंग दुसऱ्या टोकाला होती. बू सुकेसी पोरीसमोर उभी राहिली आणि फोन पुढे केला.

“हे मला येतं,” ती म्हणाली, “पण ते तुझं आहे. माझ्या नावावर वापरू का?”

इथे कुणीही इंग्गिह म्हटलं असतं. मी म्हटलं असतं, माझ्या आईने म्हटलं असतं, हेडमास्तरांनी तर त्यावर पान भरून म्हटलं असतं. वेनिंगने हातातली जाळी खाली ठेवली, पडद्याकडे नीट पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “याहून छोटं उत्तर आहे. मला सेमारांगला सापडलं. तुम्ही शोधा.”

बू सुकेसी तिथेच उकिडवी बसली. तिने एक करून बघितलं, ते आपटलं. दुसरं करून बघितलं, तेही आपटलं. वेनिंग सांगत नव्हती, पण गेलीही नव्हती. तेवढ्यात ऊन कलायला लागलं, आणि बू पायेम दुसऱ्या टोकावरून, मान वर न करता म्हणाली, बसायचंच असेल तर त्या ओळीतल्या जाळ्यांना हात लाव, ऊन जाईल.

बू सुकेसीने फोन ब्लाउजात खोचला आणि उठून जाळ्या उलटवायला लागली. तिला सवय नव्हती, कडेचा तंबाखू सांडत होता. बू पायेम तिच्या मागून येऊन तो उचलत होती. मी फाटकाशी उभा होतो, मलाही एक ओळ दाखवण्यात आली.

शेवटची जाळी उलटेपर्यंत ऊन डोंगरामागे गेलं होतं. त्या दिवशी उदमांजर उपाशीच झोपलं.